सेल काढून ठेवणारा माणूस

आमच्या घरात टीव्ही बघायचा तर आधी रिमोटमध्ये सेल घालावे लागायचे. हसू नका, खरं सांगतेय. आमचे हे, म्हणजे हणमंत पिसाळ, रिटायर्ड हवालदार, कुठल्याच वस्तूत सेल राहू द्यायचे नाहीत. टॉर्च असो, ट्रान्झिस्टर असो, काम झालं की झाकण उघडायचं, सेल काढायचे आणि ड्रॉवरमधल्या बिस्किटाच्या डब्यात ओळीनं मांडून ठेवायचे. पंधरा दिवस गावी निघालो तर भिंतीवरच्या घड्याळाचाही सेल बाहेर. परत यावं तर घरात निघतानाचीच वेळ! "सेल आत राहिला की पाझरतो आणि यंत्र खातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फौजेत कुणीतरी शिकवलं असेल, हे जन्मभर धरून बसले. मी एकदा चिडून म्हटलं, "रात्री माझं काळीजसुद्धा काढून डब्यात ठेवा." तर म्हणाले, "त्याला सेल लागत नाही."

अशा माणसाच्या पोरीची गिटार बॅटरीवर चालायला लागली. आता सांगा, काय होणार?

आम्ही मूळचे कराडकडचे. हे फौजेच्या वर्कशॉपमध्ये मोटारींची वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार गुंडाळायचं काम, करायचे. शेवटची पोस्टिंग झाशीजवळच्या बबीनाला झाली, तिथंच रिटायर झाले. पोरीची, विद्याची, शाळा होईपर्यंत राहू म्हणून राहिलो, त्याला आता चौदा वर्षं झाली. व्हरांड्यात ह्यांनी टेबल टाकलं आणि पंखे, मिक्सर, कूलरच्या जळक्या मोटारी गुंडाळायला घेतल्या. गरज म्हणून नव्हे, पेन्शन होती. पण ह्या माणसाला बसवत नाही. जेवताना उठून नळ तपासतील. लग्नात गेले तर मांडवाच्या वायरी बघतील. जबरदस्तीनं खुर्चीत बसवलं तर डावा गुडघा हलवतील, इतका की शेजारच्याच्या चहाची बशी वाजावी. पायात भिंगरी म्हणतात ती ह्यांच्या गुडघ्यात होती.

पोरगी तशीच निघाली, पण तिची भिंगरी बोटांत. विद्या झाशीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, रोज बसनं जाते-येते. मराठी सगळं समजतं, बोलताना अर्धं हिंदी. लॅबमधल्या दोघांबरोबर तिनं बँड काढला. तोही कसला, तर हेवी मेटलचा. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून माझ्या परीनं सांगते. बबीनात रणगाड्यांचा सराव चालतो तेव्हा मांडणीतली भांडी आपोआप वाजायला लागतात. विद्याचं वाजवणं तसंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गॅस बंद करून बाहेर धावले होते.

ह्यांना मात्र ते आवडलं. का आवडलं देव जाणे. भजनाला दहा मिनिटं न बसणारा माणूस तिच्या दारात उभा राहून ऐकायचा.

एक दिवस गिटारचा आवाजच गेला. सेकंडहँड वस्तू, जाणारच. विद्या रडवेली झाली. ह्यांनी पेचकस आणला, स्क्रू सोडवून तारांखालची चपटी पट्टी बाहेर काढली. तिला पिकअप म्हणतात. ह्यांनी ती उलटीसुलटी केली आणि चेहरा असा खुलला की मला लग्नातला फोटो आठवला. "अगं, हे तर चुंबक आणि तांब्याची तार! ही आपली मोटरच झाली, नुसती न फिरणारी. वर लोखंडी तार हलली की आत करंट तयार होतो. एवढंच! कॉइल तुटलीय. मी गुंडाळून देतो."

एवढंच म्हणे! ती तार केसाहून बारीक. पंख्याच्या मशीनवर घेतली की झटक्यानं तुटायची. मग ह्यांची नजर माझ्या शिलाई मशीनवर गेली. आठ दिवस माझं मशीन व्हरांड्यात. हे चाक हातानं फिरवतायत, एका हाताच्या चिमटीत तार, समोर वेढे मोजायचं यंत्र. चार हजार वेढ्यांवर तुटली, पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडचे शेजारणीचे दोन ब्लाउज अडले, तिनं बोलणं टाकलं. शेवटी जमलं. गिटार वाजली तेव्हा बापलेक दोघं असे नाचले, विचारू नका.

पण ह्यांच्या डोक्यात मोटरवाल्याचा हिशोब. जास्त वेढे, जास्त जोर! त्यांनी हौसेनं हजारभर वेढे वरचे घातले होते. जोर आला, पण आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा झाला. हळू वाजवलं तर चालायचं. विद्याचं तर सगळं ठासून. अॅम्प्लिफायर पूर्ण चढवला की तिनं हात थांबवल्यावरही गिटार घर्रर्र करत राहायची. आणि झाशीतल्या कुठल्याही हॉलमध्ये जा, ट्यूबलायटी फडफडणाऱ्या, अर्थिंगचा पत्ता नाही. सगळ्या इमारतीची घरघर त्या कॉइलमधून बाहेर यायची.

विद्यानं दोन महिने तोंड उघडलं नाही. मग एका रविवारी जेवताना म्हणाली, "पप्पा, मी अॅक्टिव्ह पिकअप मागवलेत. दिल्लीहून."

"म्हणजे काय?"

तिनं समजावलं. ह्यांचा तो पॅसिव्ह. नुसती तार आणि चुंबक, बाहेरून काही लागत नाही. अॅक्टिव्हमध्ये वेढे कमी असतात आणि पोटात एक छोटं सर्किट, ते आवाज वाढवून स्वच्छ करून पाठवतं. घरघर जवळजवळ नाहीच. हेवीसाठी तोच बरा. "फक्त त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. ती नसली तर आवाजच नाही."

"आणि बॅटरी स्टेजवर संपली तर?"

"नाही संपत, पप्पा. कितीतरी महिने जाते."

"माझ्याला बॅटरी लागत नाही," हे म्हणाले. हळूच म्हणाले, भाकरी मोडता मोडता. विद्यानं ताटात बघितलं. मी दोघांना आमटी वाढली, दुसरं काय करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण माणूस बघा. पिकअप आले तसे हेच काविया, म्हणजे सोल्डरिंगचं ते गरम लोखंड, घेऊन बसले. नकाशा बघून एकेक तार ह्यांनी जोडली. बॅटरी ठेवायला गिटारच्या पाठीत जागा नव्हती, तर छिन्नीनं चौकोनी खण कोरला, वर पत्र्याचं झाकण बसवलं. बॅटरी आत घालण्याआधी जिभेला लावून बघितली. लहानपणी विद्याला मांडीवर घेऊन असंच करायचे, बॅटरी तिच्या जिभेला टेकवायचे, झिणझिण झालं की ती किंचाळून हसायची आणि परत जीभ काढायची. आता नुसतं स्वतः लावून म्हणाले, "आहे."

तिनं वाजवलं. खरं सांगू? मलासुद्धा फरक कळला. हात थांबला की शांत. हे दारात उभे होते, दोन मिनिटं थांबले, मग टेबलावरचा आपला गुंडाळलेला पिकअप उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि व्हरांड्यात गेले. जुना मिक्सर खोलून बसले. तो बिघडलेला नव्हता.

त्या दिवसापासून गिटारच्या बॅटरीचीही भर डब्यात पडली. विद्याचा सराव झाला की हे बॅटरी काढणार, ती सकाळी परत घालणार. ती वैतागायची. हे म्हणायचे, "तू वायर तशीच लावून ठेवतेस, बॅटरी उतरते." ते काही खोटं नव्हतं.

झाशीच्या जुन्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव शहरात असतो. पिढ्यान्पिढ्या इथं राहिलेली घरं ती, आमच्यासारख्या फौजी लोकांशी गोड बोलतात, पण पहिल्या रांगेत कधी बसवत नाहीत. त्या वर्षी तरुणांच्या कार्यक्रमात विद्याला वीस मिनिटं मिळाली. मंडळाचे जनार्दनजी स्वतः म्हणाले होते, "मुलगी आपली आहे, वाजवू द्या. जरा मोठं वाजेल, वाजो!" चार ठिकाणी नकार ऐकून आलेली पोर. पहिल्यांदा कुणी बोलावलं होतं. महिनाभर ती झोपेतही बोटं हलवत होती.

त्या दिवशी सकाळी तिनं नवी बॅटरी स्वतःच्या हातानं घातली, गिटार पिशवीत भरली. दुपारी आम्ही तिघं बसनं निघालो. हॉलमध्ये पोचलो न पोचलो तर जनार्दनजींनी ह्यांना पकडलं. "पिसाळजी, आपण आलात, आता चिंता नाही. ती दिव्यांची माळ बघा बरं जरा." झालं! हे शिडीवर. एक माळ, मग दुसरी, मग देवामागचा फिरता दिवा.

विद्याचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, ड्रमवाल्यानं चार ठोके दिले, तिनं हात मारला. आणि काही नाही. नुसती तारांची किरकिर, डब्याला रबर लावून वाजवावं तशी.

तिनं वायर काढून लावली. बँडमधल्या दुसऱ्या पोरानं अॅम्प्लिफायर बदलला. लोक कुजबुजायला लागले. हे शिडीवरून उडी मारून आले, स्टेजवर चढले, एक्स्टेन्शन बोर्ड उघडला, फ्यूज बघितला, प्लगच्या पिना घासल्या. घामानं निथळत होते. "बॅटरी?" त्या दुसऱ्या पोरानं विचारलं. विद्या म्हणाली, "सुबह नई डाली है." दहा मिनिटं गेली, बारा गेली. मागून पोरं शिट्ट्या मारायला लागली. ह्यांनी टेस्टर घ्यायला शर्टाच्या खिशात हात घातला आणि टेस्टरबरोबर बॅटरी बाहेर आली. स्टेजवर पडली, टणकन.

ह्यांनीच बसमध्ये चढायच्या आधी काढली होती. प्रवासात सेल आत ठेवायचे नाहीत, हा नियम. पोचल्यावर घालायची होती.

पहिल्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आणि अख्खा हॉल हसला. कुणाचं वाईट मनात नसेल, पण मला त्या क्षणी त्या सगळ्यांच्या पंगतीत मीठ ओतावंसं वाटलं. जनार्दनजी माइकवर आले, "चला, हरकत नाही, आता बालगोपाळांची वेशभूषा." दोन पोरी परीच्या पंखांत उभ्याच होत्या.

विद्या बॅटरीकडं बघत राहिली. मग बापाकडं. घरात ती त्यांना तुम्ही म्हणते. राग फार झाला की हिंदीत जाते. "पप्पा," ती म्हणाली, "आपने जान-बूझकर किया."

ह्यांनी वाकून बॅटरी उचलली. निदान नाही म्हणायचं! नुसते उभे. मी मनात म्हणत होते, अहो, बोला, बोला की! येताना बसमध्ये ती पुढं बसली, आम्ही मागं. ह्यांचा गुडघा बबीनापर्यंत थांबला नाही.

पुढचे चार महिने आमच्या घरात कुणाला स्वस्थता म्हणून नव्हती. विद्या कामापुरतं बोलायची. "पप्पा, जेवण." "पप्पा, गॅसवाला." हे माझं मशीन घेऊन पिकअप गुंडाळायचे. एक झाला की दुसरा. कुणी मागितले नव्हते, कुणाला नको होते. तार तुटली तरी चिडायचे नाहीत, परत पहिल्यापासून. सात पिकअप झाले, खिडकीत रांगेनं मांडलेले. मला ते बघून धडकी भरायची.

एका दुपारी चाक फिरवता फिरवता थांबले. "भानुमती, मी मुद्दाम केलं का गं?"

"मला काय विचारता? तुमचं मन तुम्हाला ठाऊक."

"तेच ठाऊक नाही. काढताना मनात काही नव्हतं, देवाशपथ. पण तिथं शिडीवर असताना एकदा हात खिशाला लागला होता. लागला होता, हे पक्कं आठवतंय. मग उतरून का नाही घातली?" माझ्याकडं असं बघितलं, जणू उत्तर माझ्या पदराला बांधलेलं असावं. "माझा पिकअप काढला, याचं मला वाईट वाटलं होतं. ते खरंय. म्हणून झालं असेल का?"

मी पाणी आणून दिलं.

आणि आणखी एक झालं. ह्यांनी सेलना हात लावणं सोडलं. रिमोट रात्रभर सेलसकट पडून राहायचा. दिवाळीत गावी गेलो, घड्याळ चालूच राहिलं. लग्नापासून ज्या सवयीवरून मी कटकट केली, ती एका दिवसात गेली, आणि मला घर परक्याचं वाटायला लागलं. डिसेंबरात लाइट गेली म्हणून टॉर्च घेतला तर लागेना. उघडला तर आतले सेल पाझरलेले, पांढरा-हिरवा चिकटा, स्प्रिंग खाऊन टाकलेली. मी तो ह्यांच्यापुढं धरला. म्हटलं, आता तरी म्हणतील, बघ, मी सांगत होतो. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "दुसरा आणू." मी मोरीत जाऊन रडले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. विद्या घरी आली तशी मी तो टॉर्च तिच्या पुढ्यात आदळला.

"हे बघ! तुझ्या बापानं सेल काढणं सोडलंय. तुझ्यामुळं!"

"मी काय केलं, आई? केलं त्यांनी."

"काय केलं ते त्यांना तरी कुठं ठाऊक आहे?" आणि मी सगळं सांगितलं. शिडी, खिशाला लागलेला हात, सगळं, एका दमात. मधे श्वाससुद्धा घेतला नसेल.

ती टॉर्चच्या खाल्लेल्या स्प्रिंगवर बोट फिरवत बसली. "हात लागला होता, असं त्यांनी स्वतः सांगितलं?"

"मग? मी काय बघायला गेले होते शिडीवर?"

"हे त्यांनी सांगायची काही गरज नव्हती," ती म्हणाली. एवढंच. उठून हातपाय धुवायला गेली.

संक्रांतीला मंडळाचं स्नेहसंमेलन असतं, सकाळचं. जनार्दनजींचा फोन आला, "त्या दिवशीची वीस मिनिटं आमच्याकडं शिल्लक आहेत, बेटा." विद्या हो म्हणाली. हे म्हणाले, "मी नाही येत. तुम्ही जा." मी आग्रह केला नाही. हो, आता कुणाकुणाला ओढू?

आम्ही निघालो. हे व्हरांड्यात मान खाली घालून पंख्याचं पातं पुसत होते. विद्यानं पायरीवर गिटारची पिशवी उघडली, पाठीचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली आणि ह्यांच्या पुढ्यात धरली.

"पप्पा, ही ठेवा."

हे बघतच राहिले. "माझ्याकडं?"

"प्रवासात सेल आत ठेवायचे नाहीत ना? चला, बस जाईल."

शर्ट बदलायचंही ह्यांना सुचलं नाही. तशाच, वार्निशच्या डागांच्या शर्टात आले. बसभर बॅटरी मुठीत. खिशात नाही, मुठीत. मी म्हटलं, "अहो, घामानं खराब होईल." तर मूठ बदलली.

हॉलमध्ये जनार्दनजी पुढं आले. "पिसाळजी, बरं झालं आलात, त्या कोपऱ्यातला पंखा जरा..." आणि आमचे हे, लोकांच्या लग्नात वायरी बघणारे हे, म्हणाले, "आज नाही जमणार, जनार्दनजी. मला काम आहे."

विद्याचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली, वायर लावली, आणि माइकवर, सगळ्यांसमोर म्हणाली, "पप्पा, या."

हे उठले. तीच पहिली रांग, तेच लोक. ह्यांनी मूठ उघडली आणि त्या सगळ्या सुशिक्षित मंडळींसमोर बॅटरी जिभेला लावली. तोंड वाकडं झालं. समोर कुणीतरी खुदकन हसलं.

विद्यानंही जीभ पुढं काढली. तेवीस वर्षांची घोडी, भरल्या सभेत! ह्यांनी तिच्या जिभेला बॅटरी टेकवली. ती किंचाळली आणि हसली.

"आहे," हे म्हणाले.

तिनं पाठ फिरवून गिटार त्यांच्याकडं धरली. ह्यांनी बॅटरी घातली, आपल्या हातानं कापलेलं ते पत्र्याचं झाकण बसवलं, स्क्रू आवळला. मग खाली येऊन माझ्याशेजारी बसले. पुढची वीस मिनिटं हॉलच्या काचा थरथरत होत्या, जनार्दनजींनी कानांत तिळगूळ घातला की काय असं वाटत होतं. ह्यांचा गुडघा एकदाही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामं आटपून मी टीव्ही लावायला रिमोट घेतला. दाबला, लागेना. परत दाबला, मांडीवर आपटला. मग झाकण उघडून बघितलं. आत काही नव्हतं.

मी ड्रॉवर उघडला. बिस्किटाच्या डब्यात सेल ओळीनं मांडलेले होते. मी देवापुढं साखर ठेवली आणि टीव्ही न लावताच बसले.